मानाची कोंबडी

निंबगावच्या प्रहरीनं मंगळवारी लाल खूण दिली, आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेत डॉ. हर्षदा गावडेच्या पडद्यावर चौथा ठिपका उमटला. बोरखिंड, धुळवाडी, खरातवस्ती आणि आता निंबगाव. चारही ठिपके एका ओळीत होते आणि पश्चिमेकडे सरकत होते. आषाढातला वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे विषाणू वाऱ्याच्या विरुद्ध चालत होता, आणि विषाणूला पाय नसतात.

प्रहरी म्हणजे ग्रामपंचायतीच्या छपरावर बसवलेली एक पेटी. ती दिवसभर हवा ओढते, हवेतले कण ओल्या गाळणीवर अडवते, त्यांतला जनुकीय पदार्थ सुटा करते आणि एका पातळ पडद्यातल्या अतिसूक्ष्म छिद्रांतून ओढून घेते. त्या छिद्रांतून विजेचा बारीक प्रवाह वाहत असतो. जनुकाचं प्रत्येक अक्षर छिद्रातून जाताना हा प्रवाह आपापल्या परीनं अडवतं. त्या अडथळ्यांवरून अक्षरं वाचली जातात आणि उपग्रहामार्फत थेट कराराच्या परदेशातल्या केंद्रात पोहोचतात. गावातले लोक पेटीला नाकाड म्हणत.

करार मागच्या महामारीनंतर झाला. नवा विषाणू सापडला की त्याची अक्षरं लगेच सर्वांना द्यायची, आणि त्या बदल्यात लशीचा पहिला वाटा बाधित गावांना मिळायचा, असा तो सौदा होता. त्यात एक आचरणाचं कलम होतं. टाळता येण्याजोग्या स्थानिक वर्तनामुळे प्रसार झाला असेल, तर वाटा रद्द. ज्या देशांनी हे कलम लिहिलं, त्यांच्या हद्दीत ते आजवर लागू झालेलं नव्हतं.

"कारण हवंय, हर्षदा," पुण्याहून मिहीर तळवलकर म्हणाला. तो राज्याचा करार-अधिकारी होता. दोघं एकाच वर्गात विषाणुशास्त्र शिकले होते. "कोंबड्यांच्या गाड्या तपासल्या, रानपक्षी तपासले, काही जुळत नाही. कारण नसेल तर अज्ञात वाहक असा शेरा बसतो, आणि मग अख्खा जिल्हा बंद."

"आणि कारण सापडलं तर?"

"तर चार गावं बंद. चार गावांना वाटा. तुझं माहेर त्यात पहिलं आहे, ते लक्षात आहे माझ्या."

"तुझ्या लक्षात असण्याशी विषाणूचा संबंध नाही."

"तू अजिबात बदलली नाहीस," तो म्हणाला. कौतुक म्हणून नव्हे.

तिनं चारही गावांच्या पहिल्या खुणा पुन्हा समोर मांडल्या. अंतरं मोजली, रस्ते पाहिले. मग बोरखिंडनंतरच्या तिन्ही खुणांचे वार पाहिले. मंगळवार, शुक्रवार, मंगळवार. मधली एक खूण शनिवारी पहाटेची होती, म्हणजे शुक्रवारचीच हवा. हे वार तिला कोणत्याही पाठ्यपुस्तकानं शिकवले नव्हते. तिनं फोन उचलून बोरखिंडला वहिनीला लावला.

"वहिनी, गावानं गाडा काढलाय का?"

पलीकडे मनीषावहिनीनं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "तुमाला विचारून काढायचा हुता का? आमच्या शेडवर कामाला येणारी पारूमावशी गेली, मग शेळक्यांचं म्हातारं गेलं. तुमच्या नाकाडानं त्यानंतर बोंब मारली. औषध तर कायच आलं न्हाय."

"कोंबड्या आहेत गाड्यावर?"

"रिकामा गाडा कुठं असतोय का, वन्सं? शिकलात म्हणून येवढं बी इसरलात?"

ती विसरली नव्हती. गावात रोग आला की मरीआईचा लाकडी गाडा करायचा. देवीला हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, दहीभात. सोबत एक जिवंत कोंबडी, कापायची नाही, बांधून ठेवायची. गाडा घरोघर फिरवायचा, बायकांनी हळदकुंकू वाहायचं, आणि देवीच्या वारी गावाची शीव ओलांडून तो पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडायचा. पुढच्या गावानं पूजा करून, आपली कोंबडी चढवून, तो आणखी पुढं ढकलायचा. ज्याच्या हद्दीत गाडा राहील, त्याच्याकडे रोग राहील. म्हणून कुणी तो ठेवून घेत नाही. पिढ्यानपिढ्या हे चालत आलं होतं आणि लाकडानं कधी पटकी पसरवली नव्हती. पण या वेळचा विषाणू पक्ष्यांमधून माणसांत येणारा होता. गाड्यावर एकाच टोपलीत चार गावांच्या कोंबड्या होत्या. प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर त्या शिंकत होत्या, विष्ठा टाकत होत्या, आणि बायका त्याच बोटांनी पोरांच्या कपाळावर अंगारा लावत होत्या.

तिनं मिहीरला एवढंच कळवलं, की गाड्यावरच्या कोंबड्या ताब्यात घ्यायला पथक हवं. फक्त कोंबड्या, हे शब्द तिनं दोनदा उच्चारले.

*

निंबगाव आणि कासारगव्हाणच्या मध्ये एक कोरडा ओढा आहे. अलीकडच्या काठावर गाडा उभा होता आणि पलीकडच्या काठावर कासारगव्हाणची माणसं काठ्या घेऊन उभी होती. पुढे त्यांची उपसरपंच छबूताई, पदर कमरेला खोचून.

"आमच्या नाकाडानं अजून तोंड उघडलं न्हाय," ती ओरडून सांगत होती. "गाडा आला की आमी लाल. मग आमचं दूध बंद, पोरींची कालेजं बंद. तुमची देवी तुमीच सांभाळा."

"हे गाव कवापास्नं देवीला अडवाया लागलं?" निंबगावच्या बाजूनं कुणीतरी विचारलं.

"सरकार आमाला अडवतंय, आमी तुमाला. झालं की."

निंबगावच्या लोकांनी बोरखिंडच्या मानकऱ्याला बोलावून घेतलं होतं: तुमचा गाडा, तुम्हीच मागे न्या. तो मानकरी गाड्याच्या जुवावर हात ठेवून उभा होता. नवनाथ गावडे, हर्षदाचा थोरला भाऊ. तिला पाहून तो हसला, पण डोळ्यांनी हसला नाही.

"आलं बघा नाकाड. ह्ये चालतं-बोलतं हाय."

"दादा, गाडा इथंच थांबव."

"आणि हितं कुणाचा मुलूख? ओढ्याचा? मागं फिरवला तर देवी मागं फिरती. पुढं ह्या बाया काठ्या घिऊन. तू सांग, डॉक्टरीण हायस."

"देवी राहू दे. कोंबड्या मला दे."

"वाहिलेलं परत घेत न्हाईत," निंबगावची एक म्हातारी म्हणाली. "येवढी अक्कल तरी."

हर्षदा गाड्याजवळ गेली. टोपलीत तीन गावठी कोंबड्या होत्या, तांबड्या-काळ्या, पिसं फुगवून बसलेल्या. त्यांच्यामध्ये एक पांढरी. जड अंगाची, सुजलेल्या पापण्यांची, तुरा निळा पडलेली. गावात अशी कोंबडी कुणी पाळत नाही.

"ही पांढरी कुणाची?"

"मानाची पयली कोंबडी गावड्यांची. आता त्ये बी इसर."

"आपल्याकडे गावठी होत्या."

"हुत्या. कंपनीचं ॲग्रीमेंट वाच. शेडच्या आवारात दुसरा पक्षी दिसला की पिल्लं बंद. सगळ्या गावठी इकून टाकल्या म्या. मग देवीला काय, कागदाची कोंबडी वाहू?"

नवनाथच्या शेडमध्ये कंपनीची पैदाशीची जात वाढत होती. एक दिवसाची पिल्लं परदेशातून विमानानं यायची, खोक्यांवर तिकडच्या आरोग्य खात्याचा हिरवा शिक्का असायचा. शेड बंदिस्त, आतली हवा गाळून बाहेर सोडणारी. आत काय चाललंय, ते गावच्या पेटीला कधीच कळणार नव्हतं.

"शेडमध्ये मरतूक झाली का?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"न्हाय."

"दादा."

"एक बी न्हाय. कंपनीला लिवून दिलंय म्या."

पथक तेवढ्यात आलं. पांढऱ्या पोशाखातली सहा-सात माणसं, डोक्यावर घिरट्या घालणारा ड्रोन. त्यांनी कोंबड्या पेटीत बंद केल्या. इथवर तिनं सांगितल्याप्रमाणे झालं. मग त्यांच्यातल्या एकानं गाड्यावर काहीतरी फवारलं आणि दुसऱ्यानं तो पेटवला. हर्षदा धावत गेली, त्याचा हात धरला. त्यानं मुखवट्याआडून शांतपणे सांगितलं, "मॅडम, दूषित साहित्य. नियम आहे." हिरवं लुगडं एका क्षणात गेलं. बांगड्या तडकण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"प्लेगात गोरे सोल्जर घरात शिरून देव्हारे भायेर टाकायचे, असं आजा सांगायचा," नवनाथ तिच्याकडे न बघता म्हणाला. "त्यांना निदान आपल्या घराचा रस्ता ठाऊक नव्हता. कुणीतरी दावायला लागायचा."

*

अहवालात तिनं जे खरं होतं ते लिहिलं. गाड्यावरच्या जिवंत पक्ष्यांमुळे प्रसार. पांढऱ्या कोंबडीचं मूळ शेडमध्ये शोधावं, हेही लिहिलं.

"अहवाल उत्तम आहे," मिहीर म्हणाला. "जिल्हा वाचला."

"वाटा?"

"कलम लागू झालंय. ड्रोनचं चित्रण केंद्राकडे गेलं. मी पाठवलं नाही, ते आपोआप जातं."

"पांढऱ्या कोंबडीचं काय?"

"शेडमध्ये मरतूक शून्य. तुझ्या भावाचीच सही आहे. ती गाड्यावर बसल्यावर तिला लागण झाली, असं धरलंय."

"आणि बाकीच्यांना कुणाकडून?"

"हर्षदा, त्यांना कारण हवं होतं. तू दिलंस. आता दुसरं देऊ नकोस."

पाचवा ठिपका उमटला नाही. चार गावांभोवती कुंपण पडलं. आत माणसं आजारी पडत राहिली, डोळे लाल होऊन, धाप लागून. त्यांच्यासाठी लस नव्हती. तालुक्याच्या गावात हर्षदाच्या दारावर कुणीतरी जळका चुडा लटकवून गेलं. दूधवाल्यानं येणं बंद केलं. घरमालकीण जिन्यात भेटली आणि म्हणाली, "तुमचं बरोबरच असेल हो, पण दुसरी जागा बघा." प्रयोगशाळेतला शिपाई तिचा चहा आता टेबलाच्या कडेला ठेवायचा, हातात द्यायचा नाही. त्याची सासुरवाडी धुळवाडीची होती.

वहिनीचा एकदाच निरोप आला, आवाजात खोकला होता. "गावात म्हणत्यात, गावड्यांच्या पोरीनं वाटा घालवला. मी म्हनलं, खोटं काय त्यात."

लस आली, पण उत्तरेकडच्या श्रीमंत देशांच्या राजधान्यांत. बातम्यांमध्ये पांढऱ्या केसांची माणसं दंड पुढे करून हसत होती. नियमाप्रमाणे लशीच्या बीज-विषाणूची, म्हणजे ज्यापासून लस बनवली त्या मूळ विषाणूची, अक्षरं जाहीर झाली, आणि हर्षदानं ती सवयीनं आपल्या नमुन्यांशेजारी ठेवली.

विषाणू स्वतःच्या नकला करताना चुका करतो. एक अक्षर इकडचं तिकडे होतं, आणि ती चूक पुढच्या सर्व नकलांमध्ये उतरते. म्हणून चुका पाहून कोण आधीचा आणि कोण नंतरचा, हे सांगता येतं. चारही गावांच्या नमुन्यांत, अगदी बोरखिंडच्या पहिल्या खुणेतही, दोन ठरावीक अक्षरं बदललेली होती. बीज-विषाणूत ती बदललेली नव्हती. म्हणजे बीज बोरखिंडच्या विषाणूपासून बनलेलं नव्हतं. ते त्याच्याही आधीच्या पिढीचं होतं. शिवाय बीज पेशींमध्ये वाढवून, तपासून, मंजूर करायला काही महिने लागतात. बोरखिंडची पेटी तर आषाढ लागल्यावर वाजली होती, आणि अजून श्रावणही सरला नव्हता.

तिनं आकडेमोड पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा केली, कारण तिला ती चुकलेली हवी होती.

"हे कुणाला दाखवलंस?" मिहीरनं विचारलं. त्यानं खोलीचं दार लावल्याचं तिला ऐकू आलं.

"तुला."

"जुना साठवलेला विषाणू होता, असं म्हणतील."

"पिल्लं लस बनवणाऱ्या देशातूनच येतात, मिहीर. त्यांच्याकडे हा विषाणू आधीपासून होता, त्यांनी सांगितलं नाही. आचरणाचं कलम त्यांनाही लागतं."

"लागतं. वाटाही परत मिळेल. पण ते एकच विचारतील: गाडा निघण्याआधीचा शेडमधला नमुना आहे का? त्यात तुझी दोन अक्षरं न बदललेली हवीत. आणलास तर मी तो सगळ्यांसमोर टेबलावर ठेवीन. माझी खुर्ची गेली तरी. नाही आणलास, तर हा फोन झालाच नव्हता."

*

बोरखिंडच्या कुंपणावरच्या पोलिसानं तिचं ओळखपत्र पाहून तिला आत सोडलं. गल्लीत दारं उघडी होती, ती जवळ येताच एकेक लागत गेली. गावाबाहेरच्या शेडवर नवनाथ एकटाच होता. पक्षी सरकारनं मारून नेले होते, पंखे बंद होते. तो पाण्याच्या नळ्या सोडवत होता.

"आता काय न्यायचं ऱ्हायलंय?"

"मेलेले पक्षी कुठं पुरलेस?"

"मरतूक झाली न्हाय. सही हाय माझी."

तिनं त्याला सांगितलं. लस, दोन अक्षरं, महिने. सोपं करून सांगितलं, पण वाढवून सांगितलं नाही. तो नळी हातात धरून ऐकत राहिला.

"म्हंजी त्यांना ठाऊक हुतं. आणि पिल्लं पाठवली."

"पाठवताना ठाऊक होतं का, ते मला सांगता येणार नाही. विषाणू पिल्लांतून आला, एवढं सांगता येईल. नमुना मिळाला तर. मग चार गावांना लस मिळेल."

"आणि गावाला काय सांगू? पारूमावशी माझ्या शेडात मेली? आख्ख्या गावाच्या दारात म्याच रोग फिरवला, देवीच्या नावानं?"

"हो."

"तुला येवढं सरळ बोलाया कुणी शिकवलं गं? आईनं तर न्हाय."

"दादा, गावात माणसं मरतायत."

"तू अहवाल लिवला तवा बी माणसंच हुती. खरा हुता अहवाल?"

"खरा होता."

"त्या खऱ्यानं वाटा गेला. आता माझं खरं दिऊन परत आणायचा. म्हंजी तुझं खरं साहेबांच्या टेबलावर, आणि माझं गावाच्या चपलंखाली. कुटं चाललीय ही वाटणी?"

तिनं पिशवीतून नमुन्यांच्या नळ्या बाहेर काढल्या.

शेडच्या मागून मनीषावहिनी आली. ती वाळली होती, डोळ्यांच्या कडा अजून लाल होत्या. तिच्या हातात फावडं होतं.

"हिरीमागं, बांधाला लागून," ती हर्षदाला म्हणाली. "वर चुना टाकलाय."

"मनीषा," नवनाथ म्हणाला.

"सही तुमची हुती. माझी न्हाय." ती चालत राहिली. "खड्डा म्या खणलाय. म्या आणि पारूमावशीनं. ती खोकत हुती, मी म्हनलं धूळ गेली आसंल."

चुन्याचा थर कडक झाला होता. वहिनी चार घाव घालून दम घ्यायला थांबायची. हर्षदानं फावडं मागितलं तेव्हा तिनं दिलं नाही. आवाजानं माणसं जमू लागली. शेळक्यांचा थोरला मुलगा शेडभोवतीच्या तारेपाशी आला, तोंडाला उपरणं बांधून. त्याच्यामागे आणखी दहा-पंधरा.

"काय काढताय, वहिनी?"

वहिनी कंबर सरळ न करता म्हणाली, "आमच्या शेडातलं पक्षी. गाडा निघायच्या आधी मेल्यालं."

तारेपलीकडे कुजबुज झाली, मग ती थांबली. शेळक्यांच्या मुलाला समजायला क्षणभर लागला. "माझा बाप," तो म्हणाला. एक दगड शेडच्या पत्र्यावर आदळला. दुसरा खड्ड्याच्या काठावर पडला.

नवनाथनं हातातली नळी टाकली. तो फाटकापाशी गेला, फाटक ओढून कडी लावली आणि त्याला पाठ टेकून उभा राहिला, गावाच्या बाजूनं.

"तिला तपासायच्या नळ्या भरू द्या," तो म्हणाला. "मग माझ्याशी काय त्ये बोला. म्या कुटं जात न्हाय."

हर्षदा खड्ड्यात उतरली. मांस गेलं होतं. पण पिसाच्या देठात, त्या पोकळ नळीत, वाळलेल्या गराबरोबर विषाणूचे तुकडे टिकून राहू शकतात. पूर्ण अक्षरमाला मिळाली नसती, पण तिला दोनच जागा वाचायच्या होत्या. ती एकेक पांढरं पीस उचलत गेली, देठ कापून नमुन्याच्या नळीत टाकत गेली. प्रत्येक नळीवर तिनं जागा लिहिली, खोली लिहिली. एक नळी सांडली. ती तिनं बाजूला ठेवली, मोजणीत घेतली नाही. फाटकाकडून आवाज चढत होते, त्यांत नवनाथचा आवाज सर्वांत खालचा होता.

ती वर आली. वहिनी फावड्यावर हनुवटी टेकून बसली होती.

"झालं?" नवनाथनं मान न वळवता विचारलं.

"झालं."

"वाटा मिळाला तर पयला शेळक्यांच्या घरी दे. न्हाय मिळाला तरी हिकडं परत येऊ नगंस."

"दादा, तू पण चल. मी गाडी आणलीय."

"मागच्या बांधावरनं जा," तो म्हणाला. "म्होरं म्या हाय."